गमतीच्या रकान्यात

१२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आशीर्वाद नेहमीचेच, म्हणजे पोतंभर. तुझं गुडघ्याचं पुराण पोचलं. जन्मभर हॉस्पिटलात दुसऱ्यांना सुया टोचल्यास, आणि आता स्वतःला एक टोचून घ्यायची वेळ आली तर केवढे आढेवेढे! डॉक्टर म्हणतात तसं कर आणि मला कळव. आम्ही दोघं ठीक. यांचा खोकला गेला, खोकल्याची तक्रार अजून मुक्कामाला आहे.

माझ्या शिक्षणाचं विचारलंस. काय सांगू, वैताग आहे नुसता. मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र एकत्र शिकायचं म्हणून मी एवढ्या हौसेने नाव घातलं, पण या दोन विभागांचं आपसात सवतींसारखं आहे. एक टेकाडावरच्या जुन्या इमारतीत, दुसरा पार खाली, ग्रंथालयाच्या मागे. वरचे मला खालची समजतात, खालचे वरची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी गत. मंगळवारी दोन्हीकडचा तास एकाच वेळी लावलाय. कार्यालयातला कारकून म्हणाला, "आजी, एक काय ते ठरवून टाका." मी म्हटलं, "बाळा, ठरवूनच आलेय. दोन्ही." त्याने असं बघितलं, जसं मी एकाच तिकिटावर दोन सिनेमे मागितले.

वरचे सर म्हणतात, प्रत्येक माणूस म्हणजे एक वेगळं जग. खालच्या बाई म्हणतात, असेल हो, पण अशा किती जगांना विचारलंत? मला दोघांचं पटतं, हीच तर पंचाईत आहे.

या सत्रात प्रोजेक्ट आहे. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्यांना विभागाने एका खोलीत बसवलं आणि सांगितलं, तुम्हाला आठ दिवस कुठेतरी जायचंय, दोघांनी मिळून बेत ठरवा. त्यांच्या परवानगीने त्या गप्पांचे व्हिडिओ केलेत. ते आम्ही बघायचे आणि प्रत्येक वाक्य एका रकान्यात टाकायचं: सूचना, होकार, नकार, गंमत, टोमणा. हे दोघींनी वेगवेगळं करायचं, एकमेकींना न विचारता, आणि शेवटी ताडून बघायचं की किती ठिकाणी जुळलं. माझी जोडीदारीण आहे एकोणीस वर्षांची. किडकिडीत, कानामागे कायम पेन्सिल, म्हणून तिला सगळे पेन्सिल म्हणतात. मला काकू म्हणते. गोड आहे, फक्त अतिशय गंभीर. आपण कॉन्व्हेंट शाळेत मदरच्या घंटेला दचकायचो. ही कशालाच दचकत नाही.

घरी मजेत चाललंय. यांनी माझ्या टेबलाशी स्वतः दिवा बसवून दिला, वायर नीट भिंतीला ठोकून. आणि बसवल्यावर म्हणाले, "आता तरी डोक्यात प्रकाश पडतो का बघू." तुझ्या भावोजींचं तुला माहीतच आहे! परवा यांचे ऑफिसातले जुने मित्र जेवायला होते. एकाने विचारलं, "वहिनी, नेमकं काय शिकताय?" मी सांगायला लागले की, असं बघा, दोन माणसं एकच गोष्ट बघतात तेव्हा… तर हे म्हणाले, "अहो, तिला काय विचारता? सरासरी बाई सरासरी काढायला शिकतेय, पहिली येणार वर्गात!" टेबलाभोवती नुसता हशा. मीही हसले. मग पाणी आणायला उठले. तो बिचारा अजून उत्तराची वाट बघत असेल.

मधे विभागात एक किरकोळ घोटाळा झाला. तोंडी परीक्षेच्या यादीतून माझं नाव गळलं होतं. बाईंना भेटून ते परत घालून घेतलं. कसं गळलं, ती लांबण लावत बसत नाही.

गुडघ्याचं कळव.

तुझी,
ताई


३ मार्च

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं. सुई टोचून घेतलीस, शाबास.

सरासरीचा विनोद तू तुझ्या नर्स मैत्रिणींना सांगितलास आणि सगळ्या पोट धरून हसल्या, असं लिहिलंयस. यांना वाचून दाखवलं, भलतेच खूश झाले. "तुझ्या बहिणीला कळतं," म्हणाले. आणि शेवटी तू लिहिलंयस, "ताई, असा हसवणारा नवरा मिळायला भाग्य लागतं." खरं आहे. लागतं.

पण आज मी चिडलेय, आणि तुझ्याशिवाय कुणावर ओतू?

माझं आणि पेन्सिलचं जुळत नाही. म्हणजे भांडण नाही, रकाने जुळत नाहीत. आमच्यात एकमताचा एक आकडा काढतात. दोघींनी डोळे मिटून कुठेही शिक्के मारले असते तरी काही ठिकाणी योगायोगाने जुळलंच असतं. तेवढं वजा करायचं आणि उरलेलं खरं एकमत. तर आमचं उरलेलं इतकं कमी निघालं, की खालच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही दोघींनी एकच व्हिडिओ पाहिलाय ना?" म्हणाल्या.

सूचना, होकार, नकार सगळं जुळतं. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. मी ज्याला गंमत म्हणते, त्याला ती टोमणा म्हणते. जवळजवळ प्रत्येक वेळी!

तुला एक सांगते, तूच न्याय कर. एक जोडपं आहे. नवरा जाडजूड, हसतमुख. बायको टापटीप, पर्स मांडीवर घेऊन बसलेली. ती म्हणते, "मला वाटतं, आपण या वेळी समुद्राकडे…" तर तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "हिच्या भरवशावर निघालो तर समुद्र सोडा, डबक्यालाही पोचणार नाही. हिला डावं-उजवं कळत नाही." बायको खळखळून हसते. मी टाकलं गमतीत. हसली ना ती! पेन्सिलने टाकलं टोमण्यात.

मी तिला म्हटलं, "अगं, नवरा-बायकोत असं चालतंच. तुझं लग्न झालं की कळेल."

ती म्हणाली, "काकू, लग्न न झालेल्याला जे दिसतं ते झालेल्याला दिसत नाही, असंही असू शकतं ना?"

किती उद्धट! मी आपली हसले. आपल्याला शाळेत शिकवलेलं, थट्टा झाली तर चेहरा पाडू नये. आठवतं? प्रार्थनेच्या रांगेत माझी वेणी सुटली तेव्हा मदर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ही बघा आमची घोड्याची शेपटी." अख्खी शाळा हसली, आणि मदरनी माझी हनुवटी वर करून सांगितलं, "हस, मुली. चांगल्या घरची मुलगी थट्टेला हसून उत्तर देते." मी हसले. त्या वर्षी सुस्वभावाची फीत मला मिळाली होती, निळी. तू ती बाहुलीला बांधलीस आणि हरवलीस.

वरच्या सरांकडे गेलो तर ते म्हणाले, "संदर्भ बघा, नात्याचा पोत बघा." छान! पोत कुठल्या रकान्यात टाकू? खालच्या बाई म्हणाल्या, "पोत वगैरे तुमच्याकडे ठेवा. मला असा नियम द्या, जो तिसऱ्या माणसाच्या हातात दिला तर तोही तेच उत्तर काढेल. नियम लिहा, पुन्हा सगळं बघा. नाहीतर तोंडी परीक्षेला तुम्हाला बसवणार नाही." एवढं धडधडीत. मी घरी येऊन भांडी आपटली. यांनी आतून विचारलं, "कोणाचं एकमत फुटलं?"

नियम पेन्सिलनेच सुचवला. ती म्हणाली, "काकू, कोण हसलं ते नका बघू. माणूस कशालाही हसतो. ती बायको त्याआधी काय बोलत होती ते बघा, आणि हशा संपल्यावर ते वाक्य तिने पुरं केलं का, ते बघा. पुरं केलं तर गंमत. ते तिथेच राहिलं तर टोमणा."

मला पटलं नाही. बायका वाक्यं अर्धी टाकतातच, दूध उतू जात असतं. पण दुसरा नियम मला सुचत नाही, आणि परीक्षा तोंडावर आलीय. पुढच्या आठवड्यात ती घरी येणार आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत बसून सगळे व्हिडिओ पुन्हा बघू. या वयात नको ती अवदसा आठवली, असं कधीकधी वाटतं. हेही तेच म्हणतात. फक्त ते म्हणाले की लोक हसतात.

तुझी वैतागलेली,
ताई


१९ मार्च

प्रिय ठमे,

हे पत्र वाचताना मधे उठू नकोस. गॅस बंद कर, बस.

पेन्सिल दुपारी घरी आली. आधीच्या पत्रात सांगायचं राहिलं, आमच्याकडे एक छोटं मोजणी यंत्र असतं, मुठीत मावेल एवढं. मोठ्या कार्यक्रमाला दारावरचा माणूस गर्दी मोजतो ना, तसलं. अंगठ्याने दाबलं की टक् वाजतं आणि आकडा पुढे सरकतो. रकाने भरण्याआधी आम्ही व्हिडिओ एकदा सलग बघतो आणि टोमणा आला की नुसतं दाबतो. पेन्सिलचा अंगठा आता इतका तयार झालाय की तिला विचारही करावा लागत नाही.

एक व्हिडिओ संपला म्हणून मी चहा केला. हेही येऊन बसले. यांना नवीन श्रोता मिळाला की कळी खुलते, तू बघितलंयस. मी पेन्सिलला सांगत होते, "तोंडी परीक्षेत मला वाटतं आपण सुरुवात त्या पर्सवाल्या…"

हे म्हणाले, "हिला सुरुवात करू देऊ नकोस गं पोरी. ही सुरू झाली तर परीक्षक निवृत्त होईपर्यंत थांबणार नाही."

टक्.

मी हसत होते, ठमे. अर्धी हसले होते आणि तो आवाज आला. पेन्सिल कानापर्यंत लाल झाली. यंत्र तिच्या हातात तसंच राहिलं होतं, कपाच्या कानाशेजारी.

यांनी विचारलं, "हे काय वाजलं?"

"काही नाही काका. सवयीने झालं."

"कशाची सवय?"

"मोजायची."

"बघ, तुझ्या काकूला म्हणावं आता बोटांवर मोजून दाखव. दहाच्या पुढे गेलं की ती पायाकडे बघते!"

या वेळी टक् वाजलं नाही. तिने यंत्र टेबलावर ठेवून दिलं होतं, लांब, माझ्या बाजूला. पण मला ऐकू आलं. अगदी स्वच्छ. आणि हे उठून गेल्यावर पेन्सिलने हळूच विचारलं, "काकू, सुरुवात कुठून करायची म्हणत होतात?"

मला आठवेना. खरंच आठवेना. ती नुसती वाट बघत बसली. माझ्याकडे बघून अशी वाट कोणी बघितल्याची मला सवय नाही गं. मी रडले. त्या एवढ्याशा मुलीसमोर, चहाचा कप हातात धरून. चांगल्या घरच्या मुलीला न शोभणारं. तिने पुढचा व्हिडिओ लावला आणि आवाज थोडा मोठा केला, आतल्या खोलीत काही जाऊ नये म्हणून.

आम्ही सगळे व्हिडिओ तिच्या नियमाने पुन्हा बघितले. पर्सवाली बाई समुद्राचं वाक्य कधीच पुरं करत नाही. शेवटी बेत ठरतो तो डोंगराचा, आणि ती म्हणते, "हो, डोंगर छानच." होकाराच्या रकान्यात टाकलं आम्ही ते. दोघींनी. काही ठिकाणी मात्र मी आधी म्हटलं होतं तशी गंमतच निघाली. एक आजोबा आहेत, ते बायकोला 'हुकूमशहा' म्हणतात, आणि ती हसून लगेच म्हणते, "हं, तर हुकूमशहाचं म्हणणं ऐका," आणि सगळं सांगून मोकळी होते. ते बघून मला हायसं वाटलं. म्हणजे थट्टा वाईट नसते. एकमताचा आकडा आता चांगला आलाय. खालच्या बाई चक्क हसल्या.

आता ती लांबण. यादीतून माझं नाव कसं गळलं ते.

फेब्रुवारीत बाईंनी घरी फोन केला होता, प्रोजेक्टचं विचारायला. मी बाहेर गेले होते. फोन यांनी घेतला आणि सांगितलं, "त्यांनी शिक्षण सोडलं. आता स्वेटर विणतात. टाके मोजायलाही आकडे लागतातच की." बाईंनी ते खरं धरलं आणि नाव काढून टाकलं. मला हे फलकावर यादी बघताना कळलं, पोरांच्या गर्दीत. बाईंना पटवता पटवता माझा घसा कोरडा पडला. त्यांना वाटलं, घरून विरोध आहे. मी म्हटलं, "छे हो, त्यांचा स्वभाव विनोदी आहे."

घरी येऊन यांना विचारलं, तर म्हणाले, "अगं, गंमत केली! तुमच्या बाईंना विनोद कळत नाही, यात माझा काय दोष?" आणि मी हसले. हसून पोळ्यांना लागले. तुला लिहिताना तो किस्सा म्हणून लिहायला घेतलाही होता, तू हसशील म्हणून. मग हात थांबला. तेव्हा कळलं नाही का थांबला. मला तो कुठल्या रकान्यात टाकायचा तेच माहीत नव्हतं.

हे वाईट नाहीत, ठमे. हे तू मला सांगायची गरज नाही; दिवा यांनीच बसवला. त्या फोनमागे दुष्टपणा होता असं मी म्हणत नाही. पण एक-दोन वाक्यांवरून निष्कर्ष काढू नये, नमुना लहान आहे, असं म्हणायची सोय मला नाही. नमुना आमच्या अख्ख्या संसाराएवढा आहे. आणि मी आठवत बसलेय, त्यातलं एक तरी वाक्य मी हशा संपल्यावर पुरं केलं का. सापडलं की कळवेन.

तुझ्यावरही थोडा राग आहे, तोही सांगून टाकते. आमच्याकडे सगळ्यात मोठ्याने कोण हसतं? तू. तुझं ते सातमजली हसू मला फार आवडतं, लहानपणी आजारी असले की तुला माझ्याजवळ बसवायचे, एवढं. पण ते ऐकलं की माझं वाक्य मीच खाली ठेवते. तुला कसं कळणार? मीही तुझ्याबरोबर हसत असायचे.

लेखी परीक्षा सोमवारपासून आहे, तोंडी त्याच आठवड्याच्या शेवटी. यांनी त्याच आठवड्यात जुन्या मित्रांना मुक्कामाला बोलावलंय. मला विचारलं नाही. मी म्हटलं, "माझी परीक्षा आहे." हे म्हणाले, "म्हणूनच बोलावलंय, नापास झालीस तर खांदा द्यायला चार माणसं हवीत." मी हसले नाही. पहिल्यांदाच. खोलीत इतकं शांत झालं की यांनी विचारलं, "बरं नाही का तुला?"

मी म्हटलं, "बरी आहे. माझं वाक्य राहिलं होतं. माझी परीक्षा आहे, म्हणून मी ठमीकडे राहायला जातेय. मित्रांचं तुम्ही बघा." पुरं केलं बघ मी. पूर्णविरामापर्यंत पोचले.

शनिवारी सकाळच्या बसने येते; सोमवारपासून परीक्षेलाही तुझ्याकडूनच बसने जाईन, तासाभराचा तर रस्ता. तुझी मागची खोली रिकामी कर. शिवणयंत्र राहू दे, मला त्यावर पुस्तकं ठेवता येतील. संसार मोडून येत नाहीये, घाबरू नकोस. परीक्षा देऊन परत जाईन. परत गेल्यावर काय, ते मला अजून ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं दाखवायचा कंटाळा आलाय.

मी पोचायच्या आधी यांचा तुला फोन येईल. काहीतरी छानसं बोलतील माझ्यावर. छान बोलतात, ते मलाही नाकारता येत नाही. तुझ्या घशापर्यंत हसू येईल. तेवढं एकदा गिळ, ठमे. त्यांच्याशी भांडू नकोस, काही सुनावू नकोस, नुसती हसू नकोस. आणि मी दारात आले की गुडघ्याचं, बसचं, चहाचं सगळं मागाहून. आधी मला विचार, "ताई, तू काय सांगत होतीस?"

आणि मग, मला आठवेपर्यंत, थांब.

तुझ्याच घरी अर्धी वाक्यं घेऊन येणारी,
ताई